उंदीर (ग्राहकाकडील)

९ जून, सोमवार
गाडी सुरू झाली नाही. सात महिन्यांची आहे. शोरूमवाले टो करून घेऊन गेले. आता त्यांची डोकेदुखी. वॉरंटी आहे.

शनिवारी लेकीला नोकरीच्या गावी सोडायचंय. पाच तासांचा रस्ता. कॉलेजला तिला मामाने सोडलं होतं. तेव्हा माझं सोसायटीशी पाण्याच्या टाकीवरून महत्त्वाचं भांडण चालू होतं. या वेळी मीच. शब्द दिलाय. बायको म्हणाली, बसची तिकिटं काढून ठेवू का? मी नुसतं बघितलं.

१० जून, मंगळवार, सकाळी ११
सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. टाय बांधतो, नजर देत नाही. म्हणाला, सर, उंदराने वायरिंग कुरतडलंय, हे वॉरंटीत बसत नाही. मी म्हणालो, उंदीर बसला, मग हे का बसत नाही? हसला नाही.

फॉर्म पुढे केला. 'नुकसानीचे कारण : उंदीर (ग्राहकाकडील)'. सही करा, शनिवारी सकाळी गाडी न्या, म्हणाला.

ग्राहकाकडील! प्रश्न पैशांचा नाही, कंसाचा आहे. मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगसाठी दोन दिवस यांच्याच यार्डात होती. उंदीर तिथे चढला. उंदीर त्यांचा. सही केली नाही.

रात्री
घरी सविस्तर सांगितलं. ही म्हणाली, अहो, उंदीर आपलाच आहे. अडगळीच्या खोलीत महिनाभर खुडबुड चालू आहे, चार वेळा पिंजरा आणा म्हटलं.
ते मांजर असावं.

११ जून, बुधवार
मॅनेजरची केबिन. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक म्हणाला, आमच्याकडे उंदीर नाहीतच. उंदराला मांजर साक्ष. मी म्हणालो, यार्डात पिंजरा लावून दाखवा. मॅनेजर म्हणाला, साहेब, आम्ही गाड्या विकतो.

येताना पिंजरा घेतला. भक्कम आहे. ही म्हणाली, एकदाचा आणलात! हा घरासाठी नाही, असं स्पष्ट केलं.
लेक म्हणाली, बाबा, सही करून टाका ना. तरुण पिढीला तत्त्व नाही. समजावलं. दीड तास लागला. ती पॅकिंग करत होती, त्यामुळे पूर्ण लक्ष नव्हतं.

१२ जून, गुरुवार
पिंजरा यार्डात लावला. वॉचमनने वीस मिनिटांत आणून हातात दिला. म्हणाला, काका, तुमचं काहीतरी राहिलं.

पण एक पाहिलं. आपल्या गाडीचं बॉनेट उघडं होतं, नवं वायरिंग चढत होतं. सहीशिवाय! म्हणजे घाबरले. चूक कबूल. आता फक्त लेखी घ्यायचं. घरी जाहीर केलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. अभिमान वाटला असणार.

१३ जून, शुक्रवार, सकाळी ७
हिने रात्री मला न विचारता पिंजरा अडगळीच्या खोलीत ठेवला. एक सापडला. मोठा आहे.
विचार केला. हा मूळचा यार्डातलाच, गाडीतून आलेला. ज्याचा त्याला परत करण्यात गैर काही नाही. तिथे सोडायचा, चार माणसांसमक्ष सापडवायचा, लेखी घ्यायचं.

दुपारी ४
बसमध्ये पिशवी मांडीवर होती. शेजारची बाई उठून उभी राहिली.

संध्याकाळी ६
कॅमेरे कुठे कुठे लावतात! मॅनेजरने मला मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. पिशवीतून पिंजरा काढताना, दार उघडताना, मागे वळून बघताना. अ‍ॅडव्हायझर आज पहिल्यांदा हसला. उंदीर शोरूममध्ये शिरला, एक गिऱ्हाईक बाई नव्या गाडीच्या सीटवर चढून बसल्या. मॅनेजर म्हणाला, आता तरी उंदीर ग्राहकाकडील ना? उद्या नऊला येऊन माफीनामा लिहून द्या, नाहीतर पोलिसात देतो.
जाईन. माफी नाही, फार तर दिलगिरी. घरी सांगितलं, तिथूनच गाडी घेऊन येतो, दहाला निघू. ही म्हणाली, तुमचं सावकाश होऊ द्या.

१४ जून, शनिवार
नऊला पोचलो. 'माफी' की 'दिलगिरी', यावर पाऊण तास गेला. मी सरस ठरत होतो. मग ठणकावलं, आधी गाडी द्या, लेकीला सोडायचंय. मॅनेजर म्हणाला, मॅडम बुधवारीच सही करून गेल्या, गाडी आता डिलिव्हरीला लागलीय.
गाडी कागदोपत्री हिच्या नावावर आहे. हे मला माहीत होतं. त्यांना सांगितलं नव्हतं, इतकंच.

केबिनच्या काचेतून फाटक दिसतं. आपली गाडी बाहेर पडत होती. ही चालवत होती. लेक शेजारी. मागच्या सीटवर छतापर्यंत सामान, रिक्षाने इथवर आणलेलं असणार. तिसऱ्या माणसाला जागा ठेवलेली नव्हती. मी हात केला. ही काच बाहेरून आरशासारखी आहे. लेकीने तिच्यात बघून केस सारखे केले. गाडी वळली.

मॅनेजरने विचारलं, मग 'माफी' लिहू?
लिहा म्हणालो.