नौपाड्याच्या जिन्यावरची पाटी

३ सप्टेंबर १९९१, मंगळवार

आजही कुणी नाही!

चार ते सात शीला आणि मी समोरासमोर. ती स्वेटर विणत होती, मी उत्तरपत्रिका तपासत होते. पाहुण्यांची खुर्ची रिकामी.

पाचच्या सुमाराला जिन्यावर चपला वाजल्या. बाईच्या, हलक्या. अर्ध्यावर थांबल्या. आम्ही दोघींनी श्वास रोखला. तेवढ्यात खालून दवाखान्याच्या कंपाउंडरचा आवाज आला — ताई, डॉक्टर खाली! वर ते आत्महत्यावाले!

चपला उतरल्या. खिडकीतून पाहिलं. विशीची मुलगी, निळी ओढणी. पाटीकडे न बघता गर्दीत मिसळली.

कंपाउंडरला काय बोलणार? पाटीवर तेच लिहिलंय. लाल अक्षरांत, रस्त्यापलीकडूनही दिसेल असं — ‘आत्महत्या प्रतिबंधक मंडळ, ठाणे’. जो जिना चढतो त्याची बातमी सगळ्या नौपाड्याला होते.

६ सप्टेंबर

खांबेटेसरांना ती मुलगी सांगितली. नाव बदलू या, असंही म्हटलं. पहिल्यांदाच.

ते म्हणाले, “शब्दाला घाबरायचं नाही, मंदाकिनीबाई. तुम्ही तर भाषा शिकवता.”

मग सावकाश डबा उघडला. दर मंगळवारी-शुक्रवारी त्यांच्या पत्नी, कलावतीकाकू, त्यांच्याबरोबर चिवडा देतात. पितळी डबा, झाकणावर पोचा पडलेला. काकू स्वतः सात वर्षांत एकदाही वर आलेल्या नाहीत. “गुडघे,” एवढंच सर सांगतात.

त्यांचा मुलगा विश्राम त्र्याऐंशी साली गेला. बावीस वर्षांचा. लोक अपघात म्हणत होते, नातेवाईक अपघात म्हणत होते, वर्तमानपत्रात अपघात छापून आला. पुढच्या वर्षी सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, खालच्या दवाखान्याच्या डॉक्टरांकडून ही वरची खोली मागून घेतली आणि खरा शब्द पाटीवर लावला. ठाण्यात तेव्हा असं दुसरं कुणी केलं नसतं. मला त्यांचा अभिमान वाटतो. म्हणूनच अवघड आहे.

१० सप्टेंबर

एक फोन. शीलाने उचलला — नमस्कार, आत्महत्या प्रतिबंधक मंडळ, ठाणे. पलीकडे थोडी शांतता. मग मागून कुणीतरी विचारलं, “झालं का बोलून? आमचाही फोन यायचाय.” कट!

घरोघरी फोन कुठे आहेत? शेजाऱ्यांकडून करायचा, नाहीतर वाण्याच्या दुकानातून. आपलं दुःख सांगायचं आणि वाण्याने साबूदाणा मोजत ऐकायचं.

१७ सप्टेंबर

मागच्या गल्लीत कलावतीकाकू भेटल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. त्यांचं घर आमच्या जिन्यापासून हाकेच्या अंतरावर, मंडई त्याच रस्त्याला. तरी काकू तलावाच्या बाजूने केवढा वळसा घालून येत होत्या! एक पिशवी मी घेतली.

“काकू, गुडघे दुखत असताना एवढं लांबून?”

“इकडून सावली असते गं.”

ढग भरून आले होते. सावली सगळीकडेच होती.

२४ सप्टेंबर

शीलाने सुचवलेली नावं — आशादीप, जीवनज्योत, नवी पहाट.

म्हटलं, सगळी उदबत्तीच्या पुड्यावर शोभतील. ती म्हणाली, “मग तू सुचव की! नुसती व्याकरणाच्या बाईसारखी नाक मुरडतेस.” बरोबर आहे तिचं. ती बँकेत दिवसभर लोकांशी बोलते. मी दिवसभर लोकांना शिकवते. फरक पडतो.

४ ऑक्टोबर

कल्याणला कॉलेजात, तास संपल्यावर, एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. वही छातीशी. काय पाहिजे ते सांगेना. मी वर न बघताच म्हटलं, ये, बस.

बसली. आणि रडायला लागली. वर्ष वाया गेलं होतं, घरी लग्नाची घाई होती. मी काही शहाणपणाचं बोलले नाही. पाणी दिलं. बराच वेळ ऐकलं. जाताना म्हणाली, “मॅडम, तुम्ही बस म्हणालात म्हणून बसले. नाहीतर परत जाणार होते.”

डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत तेच दोन शब्द डोक्यात. कुठल्याही दारात, कुठल्याही जातीच्या घरात म्हणतात ते. कुणाचं काही बिघडलंय असं त्यात गृहीत नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, “यात काय मोठंसं? हे तर कुणीही म्हणतं.”

तेच तर!

८ ऑक्टोबर

बैठक. सर, डॉक्टर, शीला, मी.

मी कागदावर लिहून पुढे ठेवलं — ‘या, बसा.’

सर म्हणाले, “हे नाव आहे? हे वाक्य आहे. वाक्यंसुद्धा दोन आहेत.”

डॉक्टर हसले. “उडप्याचं हॉटेल वाटेल.”

“वाटू दे की!” शीला म्हणाली. “हॉटेलात शिरायला कोण लाजतं?”

मग डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. त्यांचा पुतण्या दातांचा डॉक्टर होतोय, त्याला खोली हवी आहे. इथे माणसं येत असतील तर ते पुतण्याला नाही म्हणतील. येत नसतील तर मार्चअखेर रिकामी करा. वाईट वाटून बोलले, पण बोलले.

सगळे सरांकडे बघत राहिलो. त्यांनी चष्मा पुसला.

“तो शब्द मी काढला,” ते म्हणाले, “तर मीही अपघात म्हणणाऱ्यांतला झालो.”

मला उत्तर सुचलं नाही.

९ ऑक्टोबर

अजून सुचलेलं नाही.

११ ऑक्टोबर

सर आले ते उभ्याउभ्याच बोलले. “मार्चपर्यंत लावा तुमची पाटी. जुनी टाकायची नाही.”

स्वतःच्या हाताने उतरवली. कुणाला हात लावू दिला नाही. कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवली.

आनंद व्हायला हवा होता. झाला, पण घरी पोचल्यावर.

१८ ऑक्टोबर

पाटी रंगवली! चेंदणी कोळीवाड्यातला धाकू पेंटर. होड्यांची नावं रंगवणारा हात — अक्षर कसं पोटाशी गोल, शेपटीला वळलेलं. पांढऱ्यावर निळं.

या, बसा.

खाली लहान अक्षरांत — कुणाशी बोलावंसं वाटतंय? मंगळवार, शुक्रवार, ४ ते ७. नाव विचारत नाही.

“बाय, मालकाचं नाव खाली नको?” धाकूने विचारलं.

“नको.”

“मंग भांडन झालं तर लोकं भांडतील कोनाशी?”

शीला एवढी हसली की शिडी हलली. धाकू ओरडला — “अगो बाय, मना वर पाठवतेस काय!” आणि मग या जिन्यावर आधी कुठली पाटी होती ते आठवून जीभ चावली. मग सगळेच हसलो. या जिन्यावर हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सर खाली रस्त्यावर उभे राहून बघत होते. हसले नाहीत. “पूर्णविराम मोठा झालाय,” एवढंच म्हणाले. झालाच होता. धाकूने बारीक केला.

२२ ऑक्टोबर

पाच माणसं आली!

एकाला चहा हवा होता. एक विमा एजंट. दोघं खालच्या डॉक्टरांची वाट बघत पंख्याखाली बसले. पाचवी बाई म्हणाली, इथे शिवणाचे क्लास आहेत का?

डॉक्टरांचं खरं ठरलं. शीलाने एजंटालासुद्धा चहा पाजला. “पायाखाली वाट पडू दे,” म्हणाली.

५ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. खोली बंद ठेवायची होती. सर म्हणाले, “सणालाच माणूस जास्त एकटा असतो.” तेच येऊन बसले. एक गृहस्थ आले होते. बाकी सरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हा नियम त्यांनी पहिल्या दिवशीच घालून दिलाय — नाव विचारायचं नाही, लिहायचं नाही, आणि एकाकडे आलेला माणूस कोण ते दुसऱ्याला सांगायचंही नाही. आपसातसुद्धा नाही.

२६ नोव्हेंबर

हलक्या चपला. मी ओळखल्या.

थांबल्या नाहीत. निळी ओढणी दारात.

“बसू?”

“या, बसा.”

इथे एवढंच लिहिते. पुढचं तिचं आहे.

जाताना जिन्यावरून खाली गेली आणि परत वर आली. म्हणाली, शुक्रवारी तुम्हीच असाल ना? मी असेन म्हटलं. खिडकीशी बराच वेळ उभी राहिले. असा अभिमान आयुष्यात दोनदा-तीनदाच वाटला असेल. वाटू द्यावा. लिहून ठेवते.

१० डिसेंबर

फोनवर आता आम्ही नुसतं ‘बोला’ म्हणतो. लोक बोलतात! वाण्याच्या दुकानातूनही. एक बाई दहा मिनिटं तांदळाचे भाव सांगत होत्या. मला कळलं त्या काय सांगतायत ते. त्यांनाही कळलं, मला कळलंय. शुक्रवारी येते म्हणाल्या.

३ जानेवारी १९९२

शीलाच्या डोक्यात संक्रांत. तिच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हळदीकुंकू करायचं आणि चहाची गाळणी वाण म्हणून लुटायची. दांडीला चिठ्ठी — या, बसा. पत्ता, वार, वेळ.

“गाळणंच का?”

“घरातले पुरुष ज्याला हात लावत नाहीत अशी वस्तू. चिठ्ठी कुणी वाचणार नाही, बाईशिवाय.”

अफाट आहे ही मुलगी! बँकेत फुकट जातेय.

सर ऐकत होते. म्हणाले, “ज्यांना हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, त्यांचं काय?”

विधवा, सोडलेल्या — जिना चढायची सगळ्यात जास्त गरज कदाचित त्यांनाच. त्याच नेमक्या बाहेर. मी स्वतः बेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. मलाही बोलावणं येत नाही. तरी सुचलं नव्हतं. नाव मी दिलं, पण दार कुणाला लागतं हे सरांनी पाहिलं.

१९ जानेवारी

हळदीकुंकू नाही, नुसता तिळगूळ. सगळ्या बायकांना. शीलाच्या सासूबाई तणतणल्या — “मग मी हे कुंकू लावायचं कुणाला, ते तरी सांग!”

“ज्या कपाळ पुढे करतील त्यांना, आई.”

दोघी-तिघी उठून गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जनाबाई मात्र आल्या. नवरा गेल्यापासून कुठल्याही संक्रांतीला बाहेर पडल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या, आत यावं की नाही. आणि सासूबाईच पुढे झाल्या. सवयीने. “या, बसा ना. दारात काय उभ्या?”

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मी गाळणी मोजायचं नाटक केलं. डोळे भरले होते.

२१ जानेवारी

काही गाळणी उरली. सरांनी एक उचलून खिशात घातलं.

“घरचं फाटलंय,” म्हणाले.

४ फेब्रुवारी

डॉक्टर वर आले. बाकावर तिघं वाट बघत बसलेली. डॉक्टरांनाही बसायला जागा नाही! उभ्यानेच म्हणाले, “पुतण्याला खोपट भागात जागा बघतो. तुम्ही राहा.”

शीलाने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

लोक गेल्यावर सर म्हणाले, “ठीक आहे नाव.” सरांच्या तोंडून हे ऐकायला विद्यार्थी वर्षानुवर्षं वाट बघत. मग कपाटाकडे बघत, हळू — “पण घरी कसं सांगू, की तो शब्द उतरवला? तिला वाटेल, मी विसरलो त्याला.”

“काकूंना माहीत नाही?”

“या रस्त्याने येतच नाही ती. आणि आम्ही घरी त्याच्याबद्दल बोलत नाही. आठ वर्षं झाली.”

कल्याणच्या कॉलेजने त्यांना पुढच्या मंगळवारी व्याख्यानाला बोलावलंय. विषय सरांनीच दिलाय, जुना शब्द घालून. तो शब्द तिथे हवाच. जिन्यावर नको. हे उत्तर मला ऑक्टोबरात सुचायला हवं होतं. आज सांगितलं. त्यांनी मान हलवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सर कल्याणला. चारला कलावतीकाकू आल्या. जिना सरळ चढल्या, कठड्याला हात न लावता. हातात पितळी डबा.

“गाळण्यावर वाचलं,” म्हणाल्या. “बसू?”

बोलल्या ते त्यांचं आहे. शेवटी जुनी पाटी बघायला मागितली. कपाटामागून काढून दिली. पदराने धूळ पुसली, अक्षर अक्षर, आणि परत तिथेच ठेवली.

डबा राहिला म्हणून मी मागे धावले. “सर येतील, ओळखतील.”

“राहू दे.”

साडेसहाला सर आले. “कुणी आलं होतं?”

“एक बाई.”

“बोलल्या?”

“पुष्कळ.”

“बरं झालं.” मग टेबलावर डबा दिसला. झाकणावरचा पोचा. बघत राहिले. कोण, ते विचारलं नाही. नियम त्यांचाच.

आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. समोरच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले.