किनुए आजींच्या दारातली रांग

भूगोलभास्कर, दिशाविशारद श्री. ओकाउची तामोत्सु यांस, ओकायामाहून कुसाका शिगेताका याचा कमरेतून पंधरा अंशांचा नमस्कार. (तीस अंशांचा योजला होता, परंतु तू हाताने काढून पाठवलेला नकाशा घेऊन जो प्रवास केला, त्यानंतर उरलेले पंधरा अंश मी स्वतःपाशीच राखून ठेवले आहेत.)

पत्रारंभी ऋतूचा उल्लेख करावा असा आपला शिष्टाचार आहे, म्हणून करतो: ऋतू दमट आहे. तुझी प्रकृती कशी आहे? वजन अद्याप चौऱ्याण्णव किलोच आहे ना? (हा प्रश्न औपचारिक समजू नये. उत्तर खरोखरच हवे आहे. कारण यथावकाश कळेल.) वहिनींची पाठ कशी आहे? इकडे आम्ही कुशल. शाळेत मी अभिजात काव्य शिकवतो आणि विद्यार्थी अभिजात निद्रा घेतात. वसतिगृहात तू भूगोलाचे पुस्तक उशाला घेऊन जशी घ्यायचास, तशीच.

आता मूळ विषय. माझे सासरे इसाकु यांना तू जाणतोस. पुढच्या महिन्यात ते अठ्ठ्याऐंशी पूर्ण करतात. जन्म तुमच्या सानुकीचा. अठराव्या वर्षी समुद्र ओलांडून इकडे आले ते कायमचे. माझ्या विवाहास अठ्ठावीस वर्षे झाली. या कालखंडात मी जिथे जिथे गेलो, तिथला तिथला प्रसिद्ध खाऊ त्यांच्यापुढे ठेवला: नागासाकीचा केक, क्योतोच्या दालचिनीच्या वड्या, होक्काइदोचा खेकडा (जो मी चौदा तास मांडीवर घेऊन बसलो होतो). प्रत्येक वेळी त्यांनी खाल्ले, चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि उच्चारले, ‘हं.’ या ‘हं’मध्ये निंदा नसते, स्तुती नसते, पावती असते. वसंतापासून त्यांचे जेवण अर्ध्या वाटीवर आले. रित्सुको रोज उरलेला भात झाकून ठेवते आणि माझ्याकडे बघते, जणू भूक मीच पळवली आहे. आणि एके सायंकाळी खिडकीबाहेर पाहत सासरेबुवा बोलले, “उदोन खावासा वाटतो. आमच्याकडचा. कांद्याची पात आपली आपण उपटायची, तसला.”

तामोत्सु, हे माझ्या लग्नानंतरचे त्यांचे सर्वांत दीर्घ भाषण होते. रित्सुकोने मला त्याच क्षणी स्वयंपाकघरात ओढले. “ऐकलंत ना? या रविवारी जायचं. आणि पाकिटातल्या शेवया आणल्यात ना, तर तिकडेच राहायचं.”

म्हणून मी तुला पत्र धाडले आणि तू नकाशा धाडलास. तुझे शब्द उद्धृत करतो: ‘स्टेशनवरून सरळ. दुसऱ्या तळ्यानंतर डावीकडे. पर्सिमनचे झाड, निळे पत्रे. पाटी नाही. हाक मारू नये, रांगेत थांबावे. पात मागच्या वाफ्यातून स्वतः उपटावी.’ हे वाचून माझ्या मनात आदर दाटला. ज्या दुकानाला पाटी आहे, त्याला आपल्या उदोनावर विश्वास नाही, हे तुम्हा सानुकीकरांचे तत्त्व मला उपनिषदांच्या तोडीचे वाटते.

रविवारी साडेनऊला मी तिथे पोहोचलो. दुसरे तळे ओलांडले, डावीकडे वळलो. पर्सिमनचे झाड होते. निळे पत्रे होते. पाटी नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफ येत होती आणि त्या वाफेत सुक्या तारल्या उकळल्याचा असा काही गंध होता की माझे पाय आपोआप जुळले. रांग मात्र नव्हती. म्हणजे मी पहिला! नकाशाकाराच्या आज्ञेनुसार मी हाक मारली नाही. फाटकाशी उभा राहिलो. छत्री सरळ, नजर समोर, चर्येवर जाणकाराचे समाधान.

आपल्या देशात एकटा उभा माणूस म्हणजे खांब, दोघे म्हणजे योगायोग आणि तिघे म्हणजे प्रसिद्ध दुकान. चार मिनिटांत सायकलवरून एक तरुण जोडपे आले, माझ्याकडे पाहिले, निळ्या पत्र्यांकडे पाहिले, एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिले आणि माझ्यामागे उभे राहिले. चौथा आला तो डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला, भुवया जाड असलेला एक घुमा गृहस्थ. मग ओसाकाच्या चार मैत्रिणी. मग आणखी तिघे. पावणेदहाला आम्ही अकरा होतो आणि एकानेही ‘हे कशाचे दुकान?’ असे विचारले नाही. विचारणे म्हणजे आपले अज्ञान आणि दुसऱ्याची शांतता, दोन्हींवर एकाच वेळी पाणी ओतणे. सायकलवाल्या मुलीने एवढेच हळूच विचारले, “काका, इथलं गरम खावं की गार?” मी, ज्याने त्या घराचे दारही अजून उघडलेले पाहिले नव्हते, उत्तरलो, “पहिल्यांदा येणाऱ्याने गारच खावे.” मागे अकराव्यापर्यंत ‘गार, गार’ अशी कुजबुज गेली. (मी पंचवीस वर्षे अध्यापन करतो. माझे एवढे एकाग्र श्रवण वर्गात कधी झालेले नाही.)

तेवढ्यात दार सरकले. एक वृद्धा बाहेर आली: गुडघ्यांतून वाकलेली, काखेत धुण्याची टोपली. तिने अकरा माणसे पाहिली. आम्ही नमस्कार केला. तिने अधिक खाली वाकून केला. आम्ही त्याहून खाली. असे तीन फेरे झाल्यावर तिचे डोळे भरून आले, याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. ती लगबगीने वळली आणि टोपलीतली निळी ओली चादर दारावरच्या बांबूवर टाकून आत गेली. आता तूच सांग, आपल्याकडे दारावर निळे कापड लागले म्हणजे काय झाले? दुकान उघडले! रांगेने तृप्त निःश्वास सोडला आणि आम्ही एकेक करून चादरीखालून, मानेवर थेंब झेलत, आत शिरलो.

आत चटयांची खोली, भिंतीशी काळा देव्हारा, त्यात चष्मा लावलेल्या एका सद्गृहस्थांचा फोटो. परक्याच्या घरी दिवंगताचा फोटो दिसला तर सभ्य मनुष्य काय करतो? मी गुडघे टेकले, उदबत्ती लावली, घंटा वाजवली, हात जोडले. मी उठलो तर मागे सायकलवाला गुडघ्यांवर तयार! त्याच्यामागे त्याची सखी, तिच्यामागे टॉवेलवाले. अकराच्या अकरा जणांनी, या दुकानाची रीतच अशी असावी अशा श्रद्धेने, रांग न मोडता उदबत्ती लावली. खोलीत इतका धूर झाला की फोटोतले गृहस्थ क्षणभर खोकतील असे वाटले.

“बसा की सगळी,” वृद्धा डोळे पुसत म्हणाली. “एवढी माणसं येतील असं न्हवतं वाटलं बाई. कणीक मळते. मुरायला दोन तास जातील, चाललं न्हवं?”

चाललं न्हवं? दोन तासांची प्रतीक्षा म्हणजे दुकान अस्सल असल्याचा दाखला. ओसाकाच्या मैत्रिणी तर आनंदाने हात धरून उभ्या राहिल्या. कामे आपोआप वाटली गेली. मी तुझ्या वचनास स्मरून मागच्या वाफ्यात गेलो आणि पात उपटू लागलो. माझे पाहून पाच जण आले. आम्ही अर्धा वाफा साफ केला. टॉवेलवाल्यांनी न सांगता चूल ताब्यात घेतली. मग आजींनी (नाव किनुए) मळलेला गोळा जाड कागदात गुंडाळून चटईखाली सारला आणि मला म्हणाल्या, “हिला पायानं तुडवाय लागती, आणि माझं गुडघं गेलं. तू पुढं हुतास, तूच तुडव.”

मी मोजे झटकून त्या गोळ्यावर उभा राहिलो. बावन्न किलोंच्या सर्व विद्वत्तेनिशी मी तुडवले. गोळा हलला नाही. आजींनी बराच वेळ पाहिले आणि करुणेने म्हणाल्या, “लेकरा, तुझ्यात वजन न्हाई.” शेवटी सायकलवाला, त्याची सखी आणि मी, तिघे खांद्यावर हात टाकून त्यावर नाचलो, तेव्हा कुठे ती कणीक शरण आली.

आणि मग तो उदोन. येथे माझी लेखणी विनय धारण करते. पांढऱ्या, पेन्सिलीएवढ्या जाड शेवया, विहिरीच्या पाण्यात गार केलेल्या, वर तारल्यांचा काळसर रस, आम्ही उपटलेली पात, किसलेले आले. पहिला घास ओढला आणि जिभेवर कसलीही घोषणा झाली नाही. शेवई दाताला आधी नमली, मग किंचित अडली आणि मग, जणू पूर्ण विचार करून, तुटली. गव्हाला स्वतःची चव असते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळले. मी मान वर केली. दहाही जण तसेच स्तब्ध होते. मग सर्वांनी एकदम वाडगे तोंडाशी नेले आणि अकरा मुखांतून जो एकसुरी सुर्रकार उठला, त्याने खोलीतला धूरसुद्धा हलला. घुम्या टॉवेलवाल्यांनी दोन वाडगे खाल्ले. मी तीन.

वाडगे आम्ही आपापले धुतले आणि सायकलवाल्याने विचारले, “आजी, किती झाले?”

“कशाचं?”

“उदोनाचे.”

“येडा की काय! वर्षश्राद्धाच्या उदोनाचं कुणी पैसं घेतं व्हय?” आजी हसल्या. “मास्तरांना जाऊन आज तीन वर्सं झाली. लेकालाबी सवड न्हाई. आणि तुम्ही एवढ्या लांबनं आलासा. माझं आपलं वय झालं, चेहरं वळखू येत न्हाईत, इचारायची लाज वाटली. आता सांगा, चित्रकलेला कुणाकुणाला हुते मास्तर? कुठल्या सालची तुम्ही?”

तामोत्सु, मी भूकंप अनुभवला आहे. तेव्हाही जमीन इतकी हलली नव्हती. दहा जोडी डोळे माझ्याकडे वळले, कारण रांगेचा पहिला मी. मी चटईवर कपाळ टेकले (यात अंश मोजायचे नसतात) आणि सर्व सांगितले: सासरे, नकाशा, निळे पत्रे, चादर. तुझे नाव पत्त्यासह सांगितले. अर्ध्या वाफ्याबद्दलही क्षमा मागितली. वर पाहण्याचे धैर्य होईना.

मग आजी फोटोकडे वळल्या. “ऐकलंत का हो? ह्यातल्या एकालाबी तुम्ही ठावं न्हवता. तरी अकरा जणांनी उदबत्ती लावली!” आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. मग आम्ही हसलो. मग ओसाकाच्या मैत्रिणी रडल्या, मग पुन्हा हसलो. मास्तर गेल्यापासून त्यांनी कणकेला हात लावला नव्हता, हे त्यांनी निरोप घेताना सांगितले. एकटीसाठी कोण तुडवतो? आणि उरलेल्या शेवया, रसाची बाटली नि मुळासकट पातीची जुडी माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “सासऱ्याला म्हणावं, आधी मुळं धुवायची.”

त्या संध्याकाळी रित्सुकोने शेवया उकळल्या. पातीची मुळे सासरेबुवांनी स्वतः धुतली. जेवायला बसले. मी आणि रित्सुको श्वास रोखून समोर. त्यांनी एक शेवई ओढली. चावली. मी मनातल्या मनात ‘हं’ ऐकून ठेवला, म्हणजे प्रत्यक्षात कमी लागेल.

ते म्हणाले, “हे दुकानातलं नाही.”

त्यांनी दुसरी शेवई ओढली.

“कुणाच्यातरी घरचं आहे हे.” मग वाडगा रिकामा करून त्यांनी पुढे केला. रिकामा वाडगा, तामोत्सु, वसंतानंतर प्रथमच! रित्सुको तो भरायला म्हणून उठली आणि बराच वेळ आतच राहिली. दुसरा वाडगाही संपवून त्यांनी चॉपस्टिक ठेवल्या आणि माझ्याकडे, अठ्ठावीस वर्षांत प्रथमच जावयाकडे पाहावे तसे पाहून म्हणाले, “पुन्हा आण.”

मी अंगणात गेलो आणि काही काळ चंद्राकडे पाहत उभा राहिलो. चंद्र नव्हता. तरी पाहिले.

तुझ्या उर्वरित पंधरा अंशांचा तूर्त आश्रयदाता,
कुसाका शिगेताका

ता.क. १: फाटकाबाहेर पडताना टॉवेलवाल्या गृहस्थांनी प्रथमच तोंड उघडले. तू वर्णिलेले विनापाटीचे विख्यात दुकान त्यांचेच, तिथून पुढच्या वळणावर. सकाळी भाजी घेऊन परतताना आमची रांग दिसली, म्हणून दुकान बंद ठेवून तेही उभे राहिले. “म्हटलं, एवढी माणसं थांबलीत, म्हणजे माझ्यापेक्षा बरं असणार,” ते म्हणाले आणि थोडे थांबून, “आहेच,” असेही म्हणाले.

ता.क. २: नकाशा अचूक होता. मी मोजलेल्या दोन तळ्यांपैकी पहिले हे लावणीसाठी पाणी भरलेले भाताचे खाचर निघाले. परतताना त्यात एक बाई रोपे लावत होती. तुझी निंदा मात्र मागे घेत नाही, ती मी परिश्रमपूर्वक रचली आहे.

ता.क. ३: या पत्राचे खरे प्रयोजन आता सांगतो. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला सासरेबुवा स्वतः किनुए आजींकडे येणार आहेत. आजींनी अकरा जणांनाही बोलावले आहे आणि सगळे येत आहेत. तेरा माणसांची कणीक बावन्न किलोंना दाद देणार नाही. तू ये. मोजे धुतलेले आण. सासरेबुवांना मी सांगितले की माझा एक चौऱ्याण्णव किलोंचा मित्र तुडवायला येईल. ते म्हणाले, “हं!” आणि मान डोलावली. अरे, मान डोलावली! मला त्यासाठी अठ्ठावीस वर्षे आणि एक खेकडा खर्ची घालावा लागला. तुला ती नुसत्या वजनावर मिळाली.