मूळ धरलं का?

२ मार्च, रविवार
आज तळ्याकाठी शंभर रोपं लावली. वेखंड, लव्हाळा, पाणकणीस. बाहेरची झुडपं माजण्याआधी हीच इथे आपोआप उगवत असत. त्यांची मुळं पाण्यातली घाण शोषतात आणि काठ धरून ठेवतात. आम्ही सात जण होतो. मी पंधरा मिनिटं आधी पोचले.

कामाच्या प्रमुख बाई कॉलेजच्या लॅबमधून रिटायर झाल्यात. उद्या त्या लेकीच्या बाळंतपणाला जाणार. महिनाभर देखभाल कोण करेल, असं त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या बुटांचा चिखल बघू लागले. मी हात वर केला.

३० तारखेला तळे समितीचे कारकून मोजायला येतील. साठ रोपं रुजलेली निघाली तर काठ असाच मातीचा राहील आणि पुढच्या वर्षी सगळ्या तळ्याभोवती लागवड होईल. एकोणसाठ निघाली तर सिमेंटची भिंत. तिची मंजुरी झालेलीच आहे.

बाई म्हणाल्या, नुसतं लक्ष ठेव, कोणाला तुडवू देऊ नकोस, आणि हे बघ, हात लावू नकोस.

संकल्प: साठ कसली, शंभरच्या शंभर.

३ मार्च, सकाळी ६.३०
रजिस्टर उघडलं. बाईंनी स्वतः रकाने आखलेत. शेवटचा रकाना ‘मूळ धरलं? हो / नाही’.

पेच. पानं वरून दिसतात, मूळ दिसत नाही. अंदाजाने ‘हो’ कसं लिहू? चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आत्याकडे. तिचा पहिला धडा होता, डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. बाईंनी रकाना काही शोभेला आखलेला नाही. आणि हात लावू नकोस म्हणजे उगाच लावू नकोस.

सकाळी ९
एकेक रोप अलगद वर काढलं, मूळ बघितलं, परत खोचलं. सत्त्याण्णव वेळा ‘नाही’. उरलेली तीन जरा खोल पाण्यात आहेत, हात पोचत नाही. तिथे रेघ मारली. रेघ बघून वाईट वाटलं.

एका दिवसात मूळ धरणार तरी कसं? उद्या परत बघू.

५ मार्च
सत्त्याण्णव ‘नाही’. कंबर गेली.

टोपी घालून फिरायला येणारे एक काका आहेत. त्यांनी विचारलं, काय हरवलंय का? मी म्हटलं, देखभाल करतेय. ते म्हणाले, असं होय, मला वाटलं काढून टाकताय.

९ मार्च, रविवार
चार रोपं मेली. बदकांचं काम असणार. बदकं पलीकडच्या काठाला असतात हे खरं, पण बदकाला पोहायला कितीसा वेळ लागतो!

बाईंना मेसेज केला, सगळं नियमित चालू आहे. नियमित या शब्दाखाली रेघ मारता आली असती तर मारली असती.

१४ मार्च
उरली चौऱ्याऐंशी. चार रोपं तर हातातच तुटली. इतकी नाजूक रोपं कोणत्या नर्सरीतून आणली हे बाईंना विचारायला हवं, पण बाळंतपणाच्या घरात तक्रार कशी करायची? मोठेपणा दाखवून गप्प बसले.

दिवसातून एकदा बघणं कमी पडतंय असं वाटतं. उद्यापासून संध्याकाळीही.

१७ मार्च
सत्त्याहत्तर. जेवण जात नाही. आईने ताटाकडे बघून विचारलं, तुला झालंय काय? मी म्हटलं, मूळ धरत नाहीये. आई म्हणाली, अगं, आधी अंगाला काही धरू दे.

नखांतली माती निघत नाही. ऑफिसात फाइलवर डाग पडले. साहेबांना वाटलं, घरी बांधकाम चालू आहे.

१९ मार्च
त्र्याहत्तर. आज घरी सगळं सांगितलं. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, रोज उपटतेस? मी म्हटलं, उपटत नाही, बघते. आत्या म्हणाली, तू तान्ही असताना दर पाच मिनिटांनी तुला गदागदा हलवून विचारलं असतं, बाई गं, झोप लागली का, तर तू झोपली असतीस?

मी म्हटलं, तूच शिकवलंस, बघितल्याशिवाय लिहायचं नाही. ती म्हणाली, पाढ्यांबद्दल म्हटलं होतं गं मी, जगाबद्दल नव्हे.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले, घड्याळ चालतंय का हे बघायला मी दरवेळी ते उघडत नाही, नुसतं कानाला लावतो.

घरच्यांना या विषयातलं काही कळत नाही. पण बाबांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे.

२० मार्च, सकाळी ७
कान लावून पाहिला. चिखलात आडवं व्हावं लागतं. काही ऐकू आलं नाही. टोपीवाले काका धावत आले, बरं वाटत नाही का म्हणाले, पाणी देऊ का म्हणाले. मी म्हटलं, शांत राहा हो, ऐकू द्या. तेव्हापासून ते पलीकडच्या रस्त्याने जातात.

कानाने जमत नाही, म्हणून हाताने बघितली. एकाहत्तर.

२४ मार्च
त्रेसष्ट. त्रेसष्ट!

रडले. आधी रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, मग रडले.

खोल पाण्यातली ती तीन बेशिस्त रोपं मात्र गुडघाभर वाढलीत. पण नुसत्या उंचीला काय अर्थ आहे? त्यांचं मूळ कोणी पाहिलंय?

संकल्प: ३० तारखेपर्यंत हात लावायचा नाही. आत्या म्हणते म्हणून नव्हे. पुरेशी माहिती जमा झाली आहे म्हणून.

२५ मार्च
हात लावला नाही. हात खिशात. रकान्यात काय लिहू? कोरा ठेवला. आयुष्यातला पहिला कोरा रकाना.

२६ मार्च
कोरा. त्रेसष्ट उभी आहेत. दुपारी ऑफिसातल्या कुंडीतलं रोप उपटून बघितलं. त्याने मूळ धरलं होतं. फार बरं वाटलं.

२८ मार्च
अजून त्रेसष्ट! एकही गेलं नाही. उलट काहींना नवी पानं आलीत, टोकाला पोपटी. तीन आठवड्यांच्या मेहनतीचं फळ आता दिसतंय. घरी सांगितलं. आत्या हात जोडून वर बघत बसली.

बाईंचा फोन आला. नात झाली. त्यांनी विचारलं, साठ तरी आहेत ना? मी म्हटलं, त्रेसष्ट. त्या म्हणाल्या, अगं, तुझ्या जिवावर काठ वाचला, परवा मीही येते, पोचायला दुपार होईल.

३० मार्च, सकाळी १०.४०
कारकून आले. चपला चिखलात घालायला तयार नव्हते. वरूनच पेन नाचवत मोजली. त्रेसष्ट. अभिनंदन म्हणाले. फॉर्म पुढे केला, इथे सही करा ताई, मला अजून दोन ठिकाणी जायचंय.

फॉर्मवर छापलं होतं, ‘वरील संख्येची रोपे रुजल्याची मी प्रत्यक्ष खात्री केली आहे.’

सकाळी ११.३०
मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. ते म्हणाले, कशाला? मी म्हटलं, सहा दिवस बघितलेलं नाही, न बघता सही कशी करू? ते म्हणाले, ताई, मी बघितली ना, हिरवी आहेत, सोडा. मी म्हटलं, हिरवं असणं वेगळं आणि रुजणं वेगळं. ते म्हणाले, अहो, माझ्या बायकोनेसुद्धा माझी एवढी चौकशी केली नव्हती.

पहिली आठ व्यवस्थित रुजली होती. इतका आनंद झाला! नव्या, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या. वर काढताना त्या तटातट तुटल्या, त्यावरूनच कळलं की किती घट्ट धरलं होतं.

चौथं रोप हातातच तुटलं तेव्हा कारकून ओरडले, ताई, थांबा, एकोणसाठ झाली! पण काही बघायची आणि काही सोडायची हा उरलेल्यांवर अन्याय झाला असता. शिवाय आता थांबून उपयोगही नव्हता. सगळी बघितली, पाण्यात उतरून खोलातली तीनसुद्धा.

एकूण एकेचाळीस. सही केली. आकडा शंभर टक्के खरा आहे.

कारकून जाताना म्हणाले, मी पंचवीस वर्षं नोकरी करतोय, खोटं बोलून सरकारला फसवणारे पुष्कळ पाहिले, पण खरं बोलून तळं बुडवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

दुपारी ३
बाई स्टेशनवरून थेट काठावर आल्या. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. पाण्याकडे बघितलं, मग रजिस्टर मागितलं. पहिल्या पानापासून वाचलं. दहाव्या पानाशी वाचायच्या थांबल्या. विचारलं, रोज? मी म्हटलं, २४ तारखेपर्यंत एकही दिवस चुकवला नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि चिखलातच बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

मग त्या म्हणाल्या, तो रकाना शेवटच्या दिवसासाठी होता गं. दोन बोटांनी हलकेच ओढायचं, अडलं तर रुजलं, एवढंच.

तसं वर लिहायला हवं होतं. पण मी हे त्यांना बोलले नाही.

२ एप्रिल, सकाळी ७
सवयीने तळ्यावर गेले. भिंतीचा ठेकेदार माप घ्यायला आला होता. एकटाच होता, त्याचा माणूस आला नव्हता. मला म्हणाला, ताई, जरा टेपचं टोक धरता का? टेप ढिली पडत होती, त्याचं माप चुकलं असतं.

धरलं. बत्तीस फूट चार इंच. त्याला म्हटलं, परत एकदा मोजू. परत तेवढंच आलं.