मामांच्या ॲम्बॅसिडरचं नाक

...तर मामा, तुम्ही फोन आपटलात तिथनंच पुढं सांगतो. मी "एकाच्या जागी दोन केल्या" एवढंच म्हटलंतं. दोन काय, ते तर ऐकायचं की! मामींनी नंतर आईला फोन करून विचारलं, सम्मेदनं दोन लग्नं केली काय, म्हणून हा खुलासा. बायका न्हाय, कार्ब्युरेटरच्या जागा. म्हणजे हवा-पेट्रोल मिसळायच्या एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन. तुमच्या गाडीला.

(नमस्कार राहिलाच. तीर्थरूप तात्यामामांना सम्मेदचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र. गुडघा कसा हाय? बीपीची गोळी घेतलीय का? नसंल तर आधी घ्या, पाच मिनिटं बसा आणि मगच पुढं वाचा. शुद्धलेखन आमच्या धाकट्या आदितीनं तपासलंय, पण तिला हसू आवरत नव्हतं, त्यामुळं चुका राहिल्या असतील. फोन तुम्ही ठेवताय म्हणून पत्र. मुरगूडच्या एस्टीचा कंडक्टर जोतीराम हे तुमच्या हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार न्हाय. त्याला चहा द्या.)

तुम्ही गाडी देताना जे म्हणालता ते मला पाठ हाय. ऑइल बदल, धू, पूस, दुसऱ्या कशाला बोट लावू नको. मामी ज्या ॲम्बॅसिडरमधनं मुरगुडात आल्या त्याच ॲम्बॅसिडरमधनं भाग्यश्रीताई सासरी जाणार, हेपण पाठ हाय. पण मामा, ऑइल बदलायला बॉनेट उघडावं लागतं, आणि बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं, त्याला मी काय करू? जगात लोक ह्या इंजिनाला जोड कार्ब्युरेटर लावून रेस जिंकतात, आणि आपण तिच्यातनं पेंडीची पोती आणतोय! त्यात इचलकरंजीच्या माझ्या दोस्ताकडं, जिनेंद्रकडं, मागाच्या शेडमध्ये बॉबिनच्या पोत्यामागं असली जोडी धूळ खात पडलेली. त्याच्या आज्ज्यानं कधीतरी हौसेनं आणलेली. मी नुसती बघायला गेलतो. (खरंच. पाना खिशात होता तो योगायोग.)

आता जोड कार्ब्युरेटरचं कसं असतंय, दोघांनी सारखा श्वास घ्यायला पायजे. एक जास्त ओढतोय आणि दुसरा कमी, असं झालं की इंजिन लंगडतंय. उद्यमनगरातले रशीदभाई मिस्त्री ह्यातले जुने जाणते. त्यांची पद्धत म्हणजे हातभर रबरी नळी. एक टोक कानात, एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि डोळं मिटून हवेचा आवाज ऐकायचा. ह्याचा ऐकला, त्याचा ऐकला, स्क्रू फिरवला. मी म्हटलं, रशीदभाई, ही डॉक्टरकी आता जुनी झाली. ते म्हणाले, "मग गाडी कुठं नवी हाय, बाबा?" तरी पहिल्या दिवशी मी त्यांना नळीनं करू दिलं, आणि मामा, काय सांगू, गाडी अशी चालली की रंकाळ्याच्या चढावर मला ब्रेक शोधावा लागला. (ब्रेकचं वेगळं सांगीन कधीतरी.)

आणि त्याच संध्याकाळी अक्काताईनं इंजिन बघितलं. म्हणजे माझी मावशी, तुमची थोरली बहीण आणि आपल्या दोघांचंबी हायकोर्ट. लग्नाच्या साड्या घ्यायला आमच्याकडं आलीय ती. मी इंजिन चालू ठेवून, फिल्टर काढून, दोन्ही तोंडं कशी हवा ओढतात ते तिला कौतुकानं दाखवत होतो. तेवढ्यात एक चिलट आलं. आलं म्हणजे आलं आणि गेलं. अक्काताईनं दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे, जीव गिळतीया की ही!" मी लगेच फिल्टर बसवून दाखवला. तिनं त्याची जाळी उजेडाकडं धरून बघितली, तांदळातले खडे बघावेत तशी, आणि काय बोलली न्हाय. अक्काताई काय बोलली न्हाय म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासनं गाडी काळा धूर सोडाय लागली. प्लग काढले तर काजळीनं माखलेले. धुराच्या नळीत मी बसवलेला सेन्सर मोबाइलवर सांगतोय पेट्रोल जास्त, हवा कमी. सोपं हाय, कार्ब्युरेटरच्या बुडाचा नट थोडा फिरवला की पेट्रोल कमी. फिरवला. तरी धूर. परत फिरवला. रशीदभाईंनी लांबनंच मान हलवली. "कुणीतरी नाक धरल्यागत करतीया. फिल्टर काढ, नळी लावून ऐकतो." मी म्हटलं, नळी कशाला, मोबाइलवर आकडा येतोय की. (नट खालनं फिरतोय, त्याला फिल्टर काढावा लागत न्हाय, असं मी त्यांना तोंड वर करून समजावलं. चाळीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला.) असं पाच दिवस चाललं. पाचव्या दिवशी आकडा बरोब्बर आला, धूर बंद, आयडलिंग, म्हणजे जागेवर उभ्या गाडीचं इंजिन, तर असं शांत की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवा. मी खूश.

म्हणून रंगीत तालीम घ्यायची ठरवली. लग्नाच्या मिरवणुकीत गाडीला बँडच्या मागं मुंगीच्या चालीनं जायचं असतंय, तिथंच खरी परीक्षा. आमच्या शेजारच्या अमरसिंहचं रविवारी लग्न होतं, मी गाडी दिली. दहा वाजता फुलंबिलं लावून, अमरसिंह फेटा बांधून मागं, मी पुढं, रशीदभाई विश्वास नसल्यामुळं स्कूटरवर पाठोपाठ. आणि मामा, पन्नास फुटांवर गाडी खाकरली. मग शिंकली. मग मेली. चालू केली, दहा फूट, फाट्! बँडवाल्यांना वाटलं फटाके, त्यांनी चाल वाढवली. पोरं फाट्‌ झालं की उडी मारायची, न्हाय झालं की माझ्याकडं बघून ओरडायची, "पावणं, वाजवा की!" चौकात ती कायमची बसली. नवरदेव स्वतः उतरून ढकलाय लागला तेव्हा त्याचा फेटा माझ्या वायपरमध्ये अडकला, आणि त्याच्या सासऱ्यांनी माझी सगळी चौकशी केली. नाव, गाव, शिक्षण. इंजिनिअरिंग म्हटल्यावर रिक्षा बघाय लागले.

रशीदभाईंनी तिथंच, भर चौकात, फिल्टर खोलून नळी कानाला लावली. "हवाच हवा, पेट्रोल कुठंय? एवढं कोरडं कुणी ठेवलं हे? कशावर लावलास तू?" गाडी ओढत घरी आणली, तर अंगणात दोरीवर दोन गोल कापडं वाळत घातलेली. अक्काताई म्हणाली, "आज गाळणी धुवायला टाकल्यात. तू विचारल्याबिगर गाडी काढलास कशी?"

कळलं का मामा? पाच दिवस मी झोपेत असताना ती रोज पहाटे फिल्टर खोलून आत दुहेरी गाळणं झटकून लावत होती. (खोलायचा कसा ते मीच दाखवलंतं. कौतुकानं.) मी पाच दिवस नट फिरवून गाडी बरोबर गाळण्यावर लावली, आणि नेमक्या रविवारी गाळणं दोरीवर. मी चिडून काहीतरी बोललो. ती शांतपणे म्हणाली, "पाणी गाळून पितोय, मग हवा का न्हाय? माझ्या भावाची लेक जीव मारत सासरी जायची न्हाय." रशीदभाई मला हसतील वाटलं, तर ते तिच्या बाजूला जाऊन उभारले. म्हणाले, ताईंचं बरोबर हाय, गाळण्यावर गाडी अशी सावकाश चालतीया की मिरवणुकीला हीच पायजे. आता दोघं मिळून मला काम सांगतात. ती कापड धरती, ते नळी धरतात, मी पाने पुसतो.

तर सांगायचं एवढंच, गाडी तयार हाय, बारा तारखेला वेळेवर मांडवात येईल, तुम्ही निर्धास्त राहा. तब्येतीला जपा.

तुमचा,
सम्मेद

ता.क. जुना एकच कार्ब्युरेटर परत बसव असं तुम्ही म्हणाल हे मला माहीत हाय. तो अक्काताईनं मोडीत घालून भांडीवालीकडनं स्टीलचं मोठं पातेलं घेतलं. त्यामुळं तो घराबाहेर गेला असं म्हणता यायचं न्हाय. ताईच्या रुखवतात तुम्हाला दिसंल.

ता.क. २. "गाडी तयार हाय" ह्यात एक बारीक गोष्ट राहिली. सोमवारी गाडी थंड असताना शिंकली, म्हणजे इंजिनातला जाळ उलटा बाहेर आला, आणि डाव्या गाळण्याला भोक पडलं. जळून. (आग विझवायचा सिलिंडर डिकीत ठेवलाय, मामींना सांगू नका.) दोन्हीकडं एकच कापड पायजे, न्हायतर एक कार्ब्युरेटर गातोय आणि एक ठसकतोय. आईचं बाजारातलं गाळणं लावलं, धूर. आदितीची ओढणी लावली, तर अक्काताईनं आधी तिच्यातनं पीठ चाळून बघितलं, सगळं खाली. नापास. अक्काताई आणि रशीदभाई, दोघांच्या परीक्षेत पास झालेलं कापड एकच, ती मुरगुडाहून येताना आणलेलं. ते तुमच्या लग्नातलं धोतर होतं. उरलेल्यानं फरशी पुसलीय, ते जीव वाचवायच्या कामाला चालायचं न्हाय म्हणती.

ता.क. ३. पण धोतर जोडीनं मिळतंय, आणि त्या जोडीतलं दुसरं तुमच्या पेटीत तळाला हाय, असं अक्काताई म्हणती. ताईच्या लग्नात नेसायला ठेवलंय असंबी म्हणती. आमचं काम फक्त दोन वितींचं हाय, पण कापायचं मधनंच लागंल. जोतीराम समोर उभा असंल, त्याच्याकडं द्या. मामा, तुम्ही उंच हाय, कोट-पँटमध्ये तुम्ही चांगले दिसाल असं आमच्या घरात सगळ्यांचं मत पडलंय, रशीदभाईंचंसुद्धा. तुम्हाला काय वाटतंय?