हाझिमचा उमरा

तीर्थरूप रिफअतदादास,

धाकट्या नबीलाचा अलेक्झांड्रियाहून सलाम. इकडे सगळं क्षेम आहे, समुद्र जागच्या जागी आहे आणि मी गोळ्या वेळेवर घेते (हे तू कधी विचारत नाहीस, म्हणून आपणहून कळवते). तुझा रक्तदाब, एतिदालवहिनींचं पित्त आणि दुकानातल्या साखरचण्यांचा खप ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी 'इस्पितळ' हा शब्द काढला की तुमच्या तांता शहरातलं नेटवर्क नेमकं जातं. कागदाला ती सोय नाही.

तुझा निरोप पोचला. तुझा हाझिम उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला गेलाय हे ऐकून माझं मन भरून आलं. ते जरा जास्तच भरून आलं, कारण त्याच्या आदल्याच गुरुवारी मी त्याला भेटले होते. मक्केत नव्हे, दादा. इथे, माझ्या घरापासून ट्रामने जेमतेम अर्ध्या तासावर, मनोरुग्णालयाच्या पुरुषांच्या वॉर्डात. पोराला माझ्याच गावात आणून ठेवलंस आणि मला कळवलं नाहीस, याबद्दल तुझे आभार कसे मानू? उगाच माझ्या जिवाला घोर नको, एवढाच तुझा विचार असणार.

आपल्या घराण्याइतकं धार्मिक घराणं अख्ख्या नाईलच्या डेल्टात सापडायचं नाही. ज्याचं डोकं फिरलं तो थेट मक्केला! चार वर्षांपूर्वी मीही अशीच 'जाऊन' आले. आठवतं ना? अम्मांच्या दारात अभिनंदनाला बायकांची रीघ लागली होती. गोळ्यांनी माझी जीभ जड झालेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, "बघा गं, चेहऱ्यावर कसा नूर चढलाय!" अम्मा स्वयंपाकघरात नळाचं पाणी बाटल्यांत भरून मक्केतल्या पवित्र झमझम विहिरीचं म्हणून वाटत होती. शेजारच्या हाजीण इन्शिराहबाईंचा गुडघा त्या पाण्याने बरा झाला (तांत्याच्या नगरपालिकेला याचं श्रेय अजून कुणी दिलेलं नाही). मला मात्र कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, तू कशी आहेस? मक्केहून आलेल्या माणसाला असं कोण विचारतं?

आता तू ज्याला 'वेड्यांची टोळी' म्हणतोस त्याबद्दल. हाझिमच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत, मुलीकडचे लोक चौकशा करणार, तेव्हा मी तिथे जाणं बंद करावं, असा तुझा हुकूम आहे. तर आमची टोळी दर मंगळवारी एका गादीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जमते. म्होरक्या म्हणजे विसाकाका, भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते पडले कॉप्टिक ख्रिस्ती, त्यामुळे त्यांच्या घरच्यांची मोठी पंचाईत. मक्का म्हणता येईना, म्हणून त्यांनी 'वाळवंटातल्या मठात मौन धरायला गेलेत' असं सांगितलं. परत आल्यावर लोक त्यांच्याकडे आशीर्वाद मागायला यायचे आणि काकांना मौन सुटल्याचं नाटक करावं लागायचं. आमच्यात नवा माणूस आला की पहिला प्रश्न हाच, "घरच्यांनी तुम्हाला कुठे पाठवलं होतं?" एका बिचाऱ्याला घरच्यांनी कुवेतला नोकरीला लावलं होतं. तो परतल्यावर सगळे चुलतभाऊ टीव्ही मागायला आले.

मी पहिल्या दिवशी गेले ती नाक मुरडतच गेले. गेल्यागेल्या जाहीर केलं की मी बरी झालेय, गोळ्या बंद केल्यात, इथे फक्त बघायला आलेय. डॉक्टरांनी व्याख्यान दिलं असतं. तू पेढे वाटले असतेस. विसाकाकांनी माझ्या चहात साखर घातली आणि म्हणाले, "मुबारक, बाई. मीही बरा झालो होतो. तीनदा." खोलीत हशा पिकला, मलाही हसू आलं, आणि घरी जाऊन मी गोळी घेतली. एवढंच काय ते आमच्या टोळीचं काम. तिथे कुणी कुणाला 'मन खंबीर कर', 'नमाज चुकवू नकोस', 'तुला काय कमी आहे' असलं सांगत नाही. हे ऐकायला आपलं घर आहेच की! मी जिथे पडले होते तिथे जो पडून उठलाय, त्याच्याशेजारी नुसतं बसलं तरी मला झोप लागते. हे तुला पटणार नाही, पण खरं आहे.

तर गुरुवारची हकीकत. तुमच्या गल्लीत कुणाचं अपेंडिक्स काढलं की निम्मी गल्ली केळी-संत्री घेऊन त्याला बघायला जाते आणि त्याच्याच खाटेवर बसून ती केळी खाऊन येते. पण 'पिवळ्या महालात', म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, केळी घेऊन जाताना तू कुणाला पाहिलंयस? म्हणून दर गुरुवारी आम्ही जातो, ज्यांच्याकडे कुणीच येत नाही त्यांना बघायला. या खेपेला टोपलीभर पेरू होते. फाटकावर नवा पहारेकरी. तेवढ्यात आतून जुनी नर्स ओरडली, "अहो विसाकाका! परत? अहो, परवापर्यंत तर ठणठणीत होतात!" झालं! पहारेकऱ्याने आम्हा सगळ्यांना भरतीच्या खिडकीकडे हाकललं. आम्ही म्हणालो, आम्ही पाहुणे आहोत. तो म्हणाला, "हो, हो, सगळे असंच म्हणतात. बसा." मी चिडून म्हणाले, मी वेडी नाहीये! त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि माझ्या हातून पेरू कापायची सुरी काढून घेतली. नर्स पोट धरून हसून झाल्यावर बाहेर आली, तेव्हा आमची सुटका झाली.

आत हाझिम होता. मला बघताच दाराआड लपला. मग हळूच म्हणाला, "आत्या, तुम्हालाही आणलं?" मी म्हणाले, "नाही रे राजा, मी पाहुणी आहे." त्याचा विश्वासच बसेना. विसाकाका त्याच्या खाटेवर बसले आणि 'कसा आहेस' वगैरे काही न विचारता म्हणाले, "हात थरथरतात ना? चहाचा पेला अर्धाच भरून घ्यायचा. सांडत नाही, आणि दुसऱ्यांदा मागितला की जरा बरं वाटतं." तुझा मुलगा हसला. त्यानंतर त्याने दातांनीच पेरू फोडला, बिया थुंकत खाल्ला आणि शेजारच्या खाटेवरच्याला ऐटीत सांगितलं, "माझ्याकडे पाहुणे आलेत."

तेव्हा मंगळवार मी सोडणार नाही. मुलीकडच्यांना काय सांगायचं ते तू ठरव. उमऱ्याची थाप तुला चांगली जमते. वहिनींना सलाम.

तुझी धाकटी बहीण,
नबीला

ता. क. हाझिम मक्केला निघाला म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे तुझ्यापाशी आपापल्या प्रार्थना सोपवल्या म्हणे, की काबासमोर आमचं नाव घे. तुला नाही म्हणवेना, आणि त्या बुडवायचा तुला धीरही होईना. म्हणून वॉर्डच्या फोनवर तू त्या एकूण एक त्याला पोचवल्यास. पोरगं रोज खिडकीशी उभं राहून खाटकाच्या मुलीचं लग्न, भाडेकरूची नोकरी, नावानिशी मागतंय. थरथरत्या हातांनी. एकही प्रार्थना चुकवत नाही.

ता. ता. क. मी त्याला विचारलं, "आणि बाबांसाठी काय मागतोस?" तो म्हणाला, "त्यांनी त्यांचं काही सांगितलंच नाही, आत्या. ते आले की विचारीन." पाहुण्यांना शुक्रवारीही आत सोडतात, दुपारच्या नमाजनंतर.