दोन कारखाने, एक खुर्ची

१२ नोव्हेंबर १९५८
सकाळी कोळवणचे धोंडिबा दारात. बसा म्हटलं तर बसले नाहीत, उभ्यानंच सुरू. गेल्या साली आमच्या पिरंगुटच्या कारखान्यातून इंजिन घेतलं आणि पौडला माझ्या दादाच्या कारखान्यातून भात सडायचं यंत्र. आता भात घरात आलंय, गिऱ्हाईक पोती घेऊन दारात, आणि गिरणी बंद.
"हितं आलं की तुमचं मालक म्हंत्यात, यंत्रात खोट हाय. पौडाला गेलं की तुमचा दादा म्हंतो, इंजिनात खोट हाय. मी कुणाच्या नावानं बोंब मारू, वैनी?"
हे लेथपाशी होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चहा दिला. जाताना धोंडिबा म्हणाले, शहरातल्या कंपनीचा संच घेतोय.
राग आला, पण कुणाचा ते कळेना.

२० नोव्हें.
पौडच्या बाजारात कंपनीनं संच चालवून दाखवला. एकाच लोखंडी सांगाड्यावर इंजिन आणि यंत्र, एकच हिरवा रंग, एकच हमी. एजंट गुजर, कडक इस्त्रीचा शर्ट. "बिघडलं तर एकच पत्ता, मंडळी." लोक माना हलवत होते. आपल्याकडं विजेच्या तारा डोक्यावरून मुंबईला जातात, खाली सगळं इंजिनावरच. म्हणजे गिऱ्हाईक आहे. आमच्याकडं येत नाही एवढंच.
चिंचेखाली हे उभे. त्याच चिंचेच्या पलीकडं दादा. मध्ये खोड. दोघंही संचाकडं बघत होते, एकमेकांकडं नाही. मी मिरच्या घेत होते. आधी हसू आलं, मग तेही गेलं.

२२ नोव्हें.
जेवताना म्हटलं, दोन्ही कारखाने एक करा. ह्यांचा घास हातातच.
"आणि मुख्य कोण? तुझा दादा? मी काय त्याचा गडी?"
"असं मी म्हटलं का?"
"म्हणायला कशाला पाहिजे."
ताट सारून उठले. कारखाना निम्मे दिवस बंद असतो ते मात्र बोलायचं नाही. माणसं येतात, पायरीवर बसतात, विड्या ओढतात, जातात. त्यांच्याकडं बघवत नाही.

२५ नोव्हें.
माहेरी जाऊन आले. दादा भट्टीपाशी. भट्टी गार. बोलणं काढलं तर, "दाजींनी सांगायचं आन् मी ऐकायचं? इंदे, जल्मात न्हाई." दादाची बायको आतून, "सासरनं पढवून धाडलीया." कुणी पढवलं नाही. आपल्या पायानं गेले, आपल्या पायानं आले.
एस.टी.त बसल्या बसल्या ठरवलं, मास्तरांना घालायचं मध्ये. मला त्यांनीच शिकवलं. हे दोघंही त्यांच्यापुढं आवाज चढवत नाहीत.

३० नोव्हें.
मास्तरांच्या ओसरीवर दोघं. मी खांबाशी.
मास्तर म्हणाले, "एक व्हायचं का बुडायचं, एवढंच सांगा." दोघंही म्हणाले, एक.
"मुख्य कोण?" दोघंही जमिनीकडं बघायला लागले. मास्तरांनी पान लावलं, खाल्लं.
"मग इंदूला बसवा."
हे म्हणाले, चालेल. दादा म्हणाला, चाललं की. इतक्या चटकन! ह्यांना वाटलं, बायको म्हणजे आपलीच. दादाला वाटलं, बहीण म्हणजे आपलीच. दोघांच्या तोंडावर हसू अगदी एकसारखं. मला विचारायचं कुणाच्या मनातच नाही. शेवटी मास्तरांनीच विचारलं, "बसशील का गं?"
म्हटलं, "बसते. पण एकदा बसवलं की उठवायचं नाही."
मास्तरांना ठसका लागला. पानाचा असावा.

८ डिसेंबर
पहिला दिवस. खुर्ची ह्यांचीच, हात निसटलेला. पिरंगुटची माणसं मला वैनी म्हणतात, पौडची आलेली ताई. दिवसभर वैनी-ताई, वैनी-ताई. दुपारी ओरडून सांगितलं, कारखान्यात मी बाई. सगळ्यांनी मान्य केलं, हे सोडून. ह्यांनी मला दिवसभर काहीच म्हटलं नाही.
हुकूम पहिला : एक इंजिन, एक यंत्र, एका सांगाड्यावर. बिघडेपर्यंत चालवायचं. दोघांनी समोर हजर राहायचं. 'तुझं-माझं' जो करील त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा.
दादानं केला. लगेच ह्यांनी केला. ह्यांचा चहा पाणचट.

११ डिसें.
सापडलं!!
पट्ट्यातून धूर निघाला. हे धावले, दादाही धावला. दोन डोकी एका चाकावर.
"दाजी, तुमचं लई पळतंय."
"तुझं हळू फिरतंय."
मग दोघंही थांबले. एकाच वेळी समजलं दोघांना. इंजिन वेगाचं, यंत्र सावकाश चालायचं. दोन्ही आपल्या जागी चांगली, जोडली की भांडणार. इतके दिवस कुणी एकत्र उभी केलीच नव्हती. यंत्राच्या अंगाला मोठं चाक बसवायचं, बस्स. दादा म्हणाला, "म्हंजी धोंडिबांची गिरणी बी ह्याच्यापायीच बंद." ह्यांनी त्याच्या हातात पाना दिला. एवढंच. पण मी पाहिलं.
आत जाऊन उगाच रडले. मग गूळ वाटला सगळ्यांना.

२ जानेवारी १९५९
आज वाईट काम. ओतकाम एकाच ठिकाणी होईल, पिरंगुटला. म्हणजे दादाची भट्टी बंद. माणसं सगळी घेतली, पण भट्टी ती भट्टी. वडिलांनी बांधलेली. दादा टोपी झटकून निघून गेला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.
दुपारी ह्यांना सांगितलं, मोठ्या इंजिनाचं काम थांबवा. स्वतःच्या हौसेनं आखलेलं, किती दिवस शेडमध्ये त्यालाच लागलेले असतात. खपणार नाही ते, निदान आज तरी नाही. हे म्हणाले, "तुझ्या दादानं शिकवलं?" म्हटलं, "दादाला विचारा, सकाळी मी त्याचं काय केलं."
गेले विचारायला. दोघं बांधावर बसून माझ्या नावानं बोलत होते म्हणे. बरं झालं. एका बाजूला तर बसले.

१५ जाने.
काल संक्रांत. हळदीकुंकवाला दादाची बायको आली नाही. वाट पाहिली. तिचा तीळगूळ डब्यात तसाच. खुर्चीची किंमत. मला ठाऊक होतं का? नव्हतं. ठाऊक असतं तरी बसले असते.

२३ जाने.
गुजर एजंट आला होता. आमचा सांगाडा बघून हसला. रंग नाही, आवाज मोठा. "बाई, घरगुती दिसतंय." म्हटलं, पौडच्या बाजारात शेजारी शेजारी चालवू. तुमचं आणि आमचं. भात आंबेमोहर. तो हसत हो म्हणाला. ह्यांनी कपाळाला हात लावला. दादाही घाबरला. "इंदे, भर बाजारात हसं व्हईल."
होईल तर होईल. घरात बसून हसं काय कमी होतंय?

१ फेब्रुवारी
चूल पेटवायच्या आधी लिहायला बसले.
बाजार भरलेला. त्यांचा संच हिरवागार, एका हाकेत सुरू. आमचं इंजिन दोनदा ठसकलं. लोक हसले. हे घामेघूम. तिसऱ्यांदा धरलं आणि मग काय आवाज! गुजर म्हणाला, बघा, आमचं आधी संपलं. खरंच आधी संपलं.
मी म्हटलं, थांबा. बायकांना बोलवा. घरात तांदूळ निवडतं कोण? शिजवतं कोण? दोन सुपांत दोन्ही तांदूळ घातले आणि कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. धोंडिबांची बायको कोळवणहून आलेली, तिनं पाखडलं. आणखी पाच-सहा जणी पुढं आल्या. पहिल्या सुपात कणीच कणी. दुसऱ्यात दाणा अख्खा. आंबेमोहर नाजूक, घाईनं तुटतो. त्यांचं यंत्र जाड भाताचं.
धोंडिबांची बायको सूप उंच धरून म्हणाली, "ह्यो तांदूळ पावण्याला वाढायचा. त्यो कोंबड्यास्नी."
"ह्यो कुणाचा?" कुणीतरी ओरडलं.
दादा म्हणाला, "आमचा!" त्याच दमात हेही म्हणाले, "आमचा!" दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सगळा बाजार हसला. या वेळचं हसणं गोड लागलं.
धोंडिबा बायकोच्या मागं उभे, नवा हिरवा संच घेतलेले. म्हणाले, "वैनी, माझ्या जुन्या यंत्राला तुमचं चाक बसंल का?" म्हटलं, बसवून देऊ. आणि बाई म्हणा.

१० फेब्रु.
भुकूम, घोटावडे, माले, लवळे. सगळीकडून माणसं. संचाला नाव काय ठेवायचं यावर पुन्हा दोघांचं भांडण. मी 'जोडी' ठेवलं. गावात मात्र 'दाजी-मेव्हण्याची गिरणी' म्हणतात. म्हणोत.
कारखाना रोज चालू. पायरीवर बसायला कुणाला वेळ नाही.

१८ फेब्रु.
दादाची बायको आली. आली ती सरळ कारखान्यात, घरात नाही. बराच वेळ भट्टीकडं बघत उभी. "शेवटाला आमच्या भट्टीतली राख बी गारच असायची." मग माझ्याकडं वळून, "तीळगूळ हाय का संपला?" संपला नव्हता. दगड झाला होता. दोघींनी दाढेखाली धरून खाल्ला.

९ मार्च
कंपनीचे मोठे साहेब स्वतः मोटार घेऊन पिरंगुटला. धूळ उडाली तशी अख्खी वस्ती गोळा. साहेब वयस्क, बोलणं सभ्य. म्हणाले, तुम्ही आमच्यात या. माणसं सगळी राहतील, नाव आमचं, इथला सगळा कारभार तुमच्याकडं. नाहीतर आम्हीही आंबेमोहराचं यंत्र करणार आहोत, आज ना उद्या. धमकी नव्हती. खरं तेच सांगितलं.
सगळं ह्यांच्याकडं बघून बोलत होते. हे म्हणाले, "त्यांना विचारा." त्यांना! लग्नाला एवढी वर्षं झाली, मी 'ती' होते.
साहेब दादाकडं वळले. दादा म्हणाला, "हितं बोलायचं त्ये बाई बोलतील."
साहेबांनी खुर्ची माझ्याकडं फिरवली. मी म्हटलं, परवा सांगते. साहेब म्हणाले, परवा येतो.

१० मार्च
सकाळी हे हळूच, "मला विचारशील तर जावं त्यांच्यात. मोठं इंजिन होईल माझं, त्यांच्याकडं साधनं आहेत." चुकीचं नाही.
दुपारी दादा, "जाऊ नगस, इंदे. आता कुटं आपलं म्हणून उभं ऱ्हायलंय." तेही चुकीचं नाही.
मास्तर वाटेत भेटले. नुसते हसले, पुढं गेले.
संध्याकाळी दोघंही ओट्यावर. एका बाकावर, एका तंबाखूच्या डबीवर. माझी चाहूल लागली तशी दोघांनी मान वर केली.
"ठरलं?"
म्हटलं, "ठरलं."
"मग?"
"उद्या साहेबांपुढंच ऐका."
ठरलंय खरंच. मन स्वच्छ आहे, भीती नाही. पण इथंही लिहीत नाही. ह्यांना डायरी उघडायची सवय आहे.
उद्या निळं लुगडं नेसायचं.