चिऊच्या कानाशी लावायची गाणी

भाऊजी,

कारखान्यात तुमचा फोन बंद असतो, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून मी परत दवाखान्यात पळतेय. आज तिसरा दिवस, चिऊने अजून डोळे उघडलेले नाहीत. नर्सताई म्हणाल्या, तिच्या आवडीची गाणी कानाशी लावून बघा.

तिची आवड म्हणजे तुम्हीच लावलेली ती जपानी ॲनिमेची, म्हणजे त्या कार्टून मालिकांची, शीर्षकगीतं. "आधी आमच्या वेळची ऐक, मग नव्यांची मजा कळेल," असं तुम्ही तिला सांगायचात आणि मी तुमच्यावर डाफरायचे. परीक्षेच्या वर्षी पोरीच्या डोक्यात खुळं भरू नका असं मी म्हणाले, तेव्हापासून तुम्ही तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत. चुकलं माझं.

तिचा फोन अपघातात फुटला आणि मला एकाही गाण्याचं नाव येत नाही. आठवतील तेवढी तुमच्या फोनवर घ्या आणि जेवायला न थांबता या.

आज सकाळी मीच एक गुणगुणले. शब्द सगळे चुकले असणार, कारण तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली. डॉक्टर म्हणतात, त्यावर भरवसा ठेवू नका. मी ठेवलाय.

वहिनी